अंधारात कोण हसलं?

प्रिय हौसाक्का,

जिवंत होतीस तोवर तुला अहो-जाहो केलं. थोरली जाऊ म्हणून डोईवरचा पदर सावरून बोलले. आज तू म्हणते. रागावलीस तर ये, उभी राहा माझ्यासमोर! तेवढंच तोंड बघायला मिळेल.

मला लिहायला येत नाही, तुला वाचायला येत नव्हतं. मधे तुझी नात आहे, प्राजू. मी सांगते, ती लिहिते. मी 'न्हाई' म्हटलं की ही 'नाही' लिहिते. लिहू दे. वर जाऊन तूही सुधारली असशील.

गच्चीवर शेवया वाळत घातल्यात. त्यांची राखण करायची म्हणून आम्ही दोघी वर बसलोय. खाली तुझा दत्तू आहे, हिचा बाप. त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात मी सांगतेय, म्हणून प्राजूला सारखं 'काय, काय' करावं लागतंय.

आजच का लिहितेय? ते हसू घरात परत आलंय, अक्का. तुझ्या मालकांचं, नाकातून यायचं ते. प्राजूच्या केसाला धक्का लागायच्या आत मला तुझ्याशी बोलायचं आहे. ते हसू तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

पहिल्यापासून सांगते. एक पिक्चर आलाय. गावाकडची पंधरा वर्षांची पोरगी, गुडघ्यापर्यंत वेणी. ती वयात येते, सायकल शिकते, कुणावर तरी जीव जडतो, पुढं शिकायचं म्हणते. बापाला कळतं. बाप तिला अंगणात बसवतो नि कातरीनं वेणी कापून हातात देतो. मग ती तशीच, बोडक्या मानेनं कॉलेजला जाते आणि सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवतं. एवढीच गोष्ट. पण काय बोलबाला! चाकणच्या चौकात त्या वेणीचा फोटो लागलाय, ट्रकाएवढा. बचत गटाच्या बायका टेम्पो करून गेल्या. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर घरी न येता तिकडंच वळली. जो तो सुजलेल्या डोळ्यांनी परत येतो नि मला सांगतो, "आज्जी, रुमाल घेऊन जा." मी म्हणते, मला रडायला तिकीट कशाला लागतंय रे?

आणि खूळ ऐक. पोरी आता त्या पिक्चरचं गाणं लावून आरशासमोर स्वतःच्या वेण्या कापतात. त्याचं रील काढतात. आपल्या आळीतल्या दोघींनी कापल्या. त्यांच्या आया आधी रडल्या, मग पुढच्या रीलमध्ये स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. हे ध्यानात ठेव. पुढं लागणार आहे.

तुला यात्रेतला तंबू आठवतो का गं? एका अंगाला बाया, एका अंगाला बापे, मधे कनात. आमचे मालक तंबूत शिरले की घोरायला लागायचे, त्यांना पिक्चर कुठला ते घरी येऊन मी सांगायची. आणि तू! तू पडद्याकडं कमी नि कनातीकडं जास्त बघायचीस. मला वाटायचं, हिला पिक्चर कळत नाही. एकदा पडद्यावर सासूनं पोटुशी सून घराबाहेर काढली. सगळ्या बाया मुसमुसत होत्या. कनातीपलीकडं सगळं गप्प. आणि त्यात एक हसू आलं. एकच. हुं हुं हुं, नाकातून. तुझा हात मुरमुऱ्यांच्या पुडीत होता, तो तिथंच थांबला. आत नाही, बाहेर नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "सोने, आता जपून राह्यचं."

मी हसले. म्हटलं, पिक्चरला घाबरली येडी.

यात्रा उठायच्या आत तुझा हात मोडला. "गोठ्यात पाय घसरला म्हण," असं तूच मला पढवलंस. हाडवैद्याला मी तेच सांगितलं. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. एका हातानं भाकरी थापायचीस, तरी माझ्यापेक्षा गोल! तेवढा तोरा मात्र गेला नाही तुझा.

मला राग येतो, अक्का. एका चुलीवर आपण जन्म काढला. माझ्या आमटीत मीठ जास्त झालं की साऱ्या आळीला सांगायला तुला तोंड होतं, आणि त्या हसण्यामागं काय येतं हे सांगायला नव्हतं? मी काय परकी होते?

आणि दत्तूचं तुला कळलं होतं ना? एवढासा होता तो. वासराचा पाय दाव्यात अडकला नि ते ओरडायला लागलं, तर हा उभा राहून हसला. बापासारखा. तू धावत घरात गेलीस, मीठ-मोहऱ्या आणल्यास नि त्याच्यावरून उतरून चुलीत टाकल्यास. पोराच्या हसण्याची दृष्ट काढणारी आई मी दुसरी बघितली नाही. मोहऱ्या तडतडल्या. तुला वाटलं, गेलं. त्यानंतर माझ्यासमोर तरी तो तसा कधी हसला नाही. मलाही वाटलं, गेलं.

आता थिएटरचं.

प्राजूसाठी एक स्थळ आलं होतं. निखिल नाव. तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माणसं मूळची बीडकडची, आता पुनावळ्याला राहतात. प्राजूला पसंत, त्याला पसंत. बोलणी झालेली, फक्त सुपारी फुटायची राहिलेली. दत्तूच म्हणाला, "पोराला घेऊन सगळे पिक्चरला जाऊ. ओळख वाढंल." म्हणून चिंचवडला गेलो. रांगेत मी, मग प्राजू, मग सुमन, तिच्याशेजारी दत्तू आणि सगळ्यात कडेला निखिल. सुमन तुझी सून, तुझ्या माघारी तिनंच घर ओढलं. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालते. का घालते ते मी तिला कधी विचारलं नाही. तूच सांग, तुझ्याकडून मी काय शिकणार? न विचारायलाच ना?

पिक्चर बघायला गेले खरी, पण तुझी खोड लागलेली. मी माणसंच बघत होते. पुढची बाई मध्यंतरात आईला फोन लावून नुसती रडत होती, बोलत काहीच नव्हती. पलीकडचा एक दाढीवाला डोळे पुसायचा नि लगेच मक्याच्या लाह्या खायचा, पुन्हा पुसायचा, पुन्हा खायचा. माझी करमणूक चालली होती.

मग कातर आली. वेणी तुटली. सगळं थिएटर गप्प. आणि कडेच्या खुर्चीवरून ते हसू आलं.

हुं हुं हुं.

मी मान वळवली तर अंधारात काही दिसेना. दिसला फक्त सुमनचा हात. लाह्यांच्या डब्यात होता, तिथंच थांबलेला. आत नाही, बाहेर नाही. मी बघितला तो हात, अक्का. बघितला नि सोडून दिला! कडेला निखिल आहे, हे डोक्यात पक्कं होतं ना. तंबूत ज्याची जागा ती त्याचीच असायची. यात्रा संपेपर्यंत कुणी हलायचं नाही.

बाहेर आलो तर एक मुलगी माईक घेऊन उभी. येईल त्याला विचारत होती, पिक्चर कसा वाटला. मला म्हणाली, "आज्जी, काय आवडलं?" मी म्हटलं, "खुर्ची. बटन दाबलं की पाय वर जातात." सगळी हसली. निखिलनं मात्र तोंड फिरवलं, "नंतर बोलतो" म्हणून पुढं गेला. मी मनात म्हटलं, बघ, आत हसला नि बाहेर तोंड लपवतोय.

मग माईक दत्तूसमोर गेला. त्यानं चष्मा काढला. आवाज भरून आला त्याचा. म्हणाला, "मी एका मुलीचा बाप आहे. प्रत्येक बापानं हा पिक्चर बघावा आणि घरी जाऊन मुलीची माफी मागावी." एवढं बोलून त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. आजूबाजूच्या बायका गहिवरल्या. एका माणसानं त्याला मिठीच मारली.

ते सगळ्या मोबाईलवर फिरलं. किती लोकांनी बघितलं ते प्राजू सांगते, मला तो आकडा झेपत नाही. आपल्या वेशीवर पोरांनी फ्लेक्स लावलाय, दत्तूचा रुमाल धरलेला फोटो आणि खाली 'आदर्श पिता'. कंपनीच्या गेटवरचे लोक त्याला हात जोडतात. तुझा मुलगा मोठा झाला बघ, अक्का.

दुसऱ्या दिवशी मी दत्तूला बाजूला घेतलं. म्हटलं, "ते पोरगं नको. अंधारात हसलं ते, पोरीची वेणी कापत होते तवा." तो माझ्याकडं बघत राहिला. ओठाचा एक कोपरा तेवढा हलला. म्हणाला, "काकी, तू म्हणतीस तर नको. बरं झालं सांगितलंस." आणि माझ्यासमोरच फोन लावून स्थळ मोडलं.

त्याला माहीत होतं गं, कोण हसलं ते. माझ्या तोंडाकडं बघत बघत त्यानं स्थळ मोडलं.

स्थळ का मोडलं ते तिला कुणी सांगेना, प्राजू जेवेना. कॉलेजातून निखिलला फोन करत राहिली. ते दत्तूला कळलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "स्क्रीन गेलीय वाटतं, दुरुस्तीला देतो," एवढंच म्हणाला नि तिचा फोन खिशात घातला. तिचा हात धरून कॉलेजला सोडायला लागला, आणायला लागला. लोक म्हणतात, काय बाप आहे!

काल सकाळी मी पडवीत बसून प्राजूच्या केसांना तेल लावत होते. हिचे केस तुझ्यावर गेलेत, दाट. दत्तू चहाचा कप घेऊन समोर उभा राहिला. म्हणाला, "प्राजू, सगळ्या पोरी वेणीचं रील काढत्यात. तुझं पण काढू की. मी धरतो मोबाईल." प्राजूचे डोळे भरले.

आणि तो हसला. भर उजेडात, माझ्यासमोर, नाकातून.

तेलाची वाटी माझ्या मांडीवर उलटली. तो आत गेला. मी प्राजूला विचारलं, "पिक्चरमध्ये कडंला कोण बसलं होतं?"

ती म्हणाली, "मध्यंतरानंतर पप्पा बसले होते. त्यांना सारखे फोन येत होते म्हणून. निखिल आत सरकला, आईशेजारी. तो रडत होता, आज्जी. आईनं त्याला रुमाल दिला."

"मग हसलं कोण?"

ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहितीय."

लिही गं, थांबू नको. पुस डोळे. शाई फुटेल.

अक्का, तुझ्याशेजारी बसून मी निम्मंच शिकले. हसू ओळखलं, माणूस चुकला. तिथं कनात होती, इथं माणसं मध्यंतरात उठून जागा बदलतात. सुमनचा हात मला खरं सांगत होता आणि मी खुर्ची मोजत बसले. माझ्या एका बोलण्यानं चांगलं पोरगं दारातून गेलं, आणि पोरगी दत्तूच्या हातात राहिली.

आता मला रात्रंदिवस एकच दिसतं. उद्या प्राजूची वेणी गेली तर गाव काय म्हणेल? पिक्चरचं खूळ म्हणेल. सगळ्याच पोरी कापतात म्हणेल. जसा तुझा गोठा, तसं हिचं रील! आणि वेणीवर थांबेल का तो? तुझ्या वेळी तरी तंबूतलं हसू कुठं तंबूत थांबलं? कुणाला सांगू? ज्याला सांगायला जावं त्याच्या मोबाईलमध्ये तो रडतोय.

आत्ताही खाली तेच चाललंय. त्याचाच व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा लावतो. 'मी एका मुलीचा बाप आहे' ऐकू येतं, मग आवाज भरून येतो, आणि त्या जागेवर, बरोबर त्या जागेवर, दत्तू हसतो. स्वतःच्या रडण्याला. ऐकतेस ना? प्राजूची लेखणी अशा वेळी थांबते.

पण म्हातारी गप्प बसलेली नाही बरं. मला एक साधा मोबाईल आहे. अक्षर येत नाही म्हणून प्राजूनं त्यात चित्रं घालून दिलीत. दूधवाल्याच्या जागी म्हैस, डॉक्टरच्या जागी सुई. निखिलच्या आईच्या जागी तुळस आहे. आज सकाळी मी तुळस दाबली. म्हटलं, "बाई, माझी चूक झाली. तुमचं पोरगं हसलं नव्हतं." सगळं सांगितलं. तुझ्या हाताचंही सांगितलं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज्जी, पोरीला घिऊन या. लग्नाचं मागून बघू, तिला करायचं आसंल तर करंल, न्हाई तर न्हाई. आधी पोरगी घरात येऊ द्या."

ऐकलंस? अशी विहीण तुला मिळाली असती तर तिच्याशीही तू भाकरीवरून भांडली असतीस.

तर उद्या आळंदीला. मी दत्तूला दुपारीच म्हटलं, "दर्शनाला जाऊन येते, प्राजूला हात धरायला नेते." आळंदीला म्हटल्यावर कशाला म्हणून विचारत नाहीत आपल्याकडं. तोही म्हणाला, "जा की." मग जरा थांबून म्हणाला, "संध्याकाळच्या आत या. प्राजूचं रील काढायचं ऱ्हायलंय." आळंदीच्या स्टँडवर निखिल आणि त्याची आई गाडी घेऊन थांबणार आहेत. तिथून पुनावळं. संध्याकाळ आम्हाला ह्या घरात बघायची नाही.

थांब. जिन्यात पाय वाजतोय.

सुमन आहे. चहा घेऊन आलीय.

तिनं कागदाकडं बघितलं. तिला वाचता येतं, तुझ्यामाझ्यासारखी नाही ती. उभ्याउभ्याच वाचलं सगळं. मला वाटलं, आता ही खाली जाऊन सांगते की काय. ती शेवयांजवळ बसली. एक एक शेवई उलटी करत म्हणाली, "शिलाई मशीनच्या खणातली कातर मी तांदळाच्या डब्यात पुरून ठिवली हुती, आत्या."

म्हणजे काल रात्री मी कातर लपवायला गेले, खण रिकामा दिसला नि वाटलं दत्तूनंच उचलली, ती कातर हिनं लपवली होती! मी म्हटलं, "शहाणी गं बाई."

ती म्हणाली, "त्यांनी दुसरी आणलीय. गाडीत हाय, सीटखाली. नवी. पाकीट फोडलं न्हाई अजून."

प्राजूनं हे लिहिताना आईकडं बघितलं. सुमननं तिच्याकडं बघितलं नाही. बाही मनगटापर्यंत ओढत मला म्हणाली, "आत्या, मला बी आळंदीला यायचंय."

मी विचारलं, "माघारी?"

ती म्हणाली, "न्हाई."

एवढंच. चहा निवून गेला. मी तिचा हात हातात घेतला, बाहीवरूनच. बाही वर करून बघायचं धाडस मला झालं नाही. उद्या पुनावळ्यात बघीन. त्या बाईच्या घरात, उजेडात, सगळ्यांसमोर.

अक्का, आता शब्द देते, ऐक. उद्या पहिल्या बसनं आम्ही तिघी निघणार. तांदळाच्या डब्यातली कातर मी माझ्या पिशवीत, प्रसादाच्या नारळाखाली ठेवणार. वाटेत नदीत टाकीन. गाडीतलीचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. पण आज रात्री प्राजू माझ्या नि सुमनच्या मधे झोपणार, आणि दाराच्या अंगाला मी. माझ्यावरून जायचं तर त्याला म्हातारीवर पाय द्यावा लागेल.

आणि दुसरा शब्द. इथून पुढं कुणीही विचारो, माईक धरून विचारो की साधं वाटेत विचारो, आमच्या हौसाक्काचा हात कसा मोडला, तर मी गोठ्यात म्हणणार नाही. तू रागावलीस तरी म्हणणार नाही. प्राजूला मी सांगितलंय, तिनं लिहिलंय, आता ते पुसायचं नाही.

तिकडं तंबू असेल तर कनात मात्र बांधून घे. तुझे मालकही तिकडंच आहेत, मला तुझी काळजी वाटते. माझी जागा धर. मी येईन, पण एवढ्यात नाही. आधी ह्या दोघींना पलीकडं सोडते.

खालचा व्हिडिओ बंद झालाय, अक्का. बराच वेळ झाला, काहीच ऐकू येत नाही. प्राजू कागदाची घडी कर म्हणतेय. करते.

तुझी भाकरी वाकडी थापणारी, पण उद्या सरळ चालणारी धाकटी जाऊ,
सोना
(प्राजूच्या लेखणीची शाई लावून डाव्या हाताचा अंगठा)